पांढऱ्या घराचे काळे फोटो

जिन्याचा तो फोटो त्याला आधी आवडला आणि मग ओळखू आला. हेच उलट झालं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं. पण झालं ते असं. बायकोच्या फोटोग्राफीच्या क्लासचं प्रदर्शन लागलं होतं. "सगळ्यांचे मिळून आहेत, माझे आपले थोडेसे, तुम्ही मुद्दाम यायला नको," असं ती म्हणाली होती, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी त्याची एका गिऱ्हाइकाबरोबर बैठक होतीच. दोन-तीन दिवसांनी नवा चष्मा घेऊन परत येताना सभागृह वाटेतच लागलं, म्हणून तो आत शिरला. पुढेमागे बोलणं राहायला नको, एवढाच हेतू. आत पूल होते, नदीकाठ होते, धुक्यातली झाडं होती. रंग काढून घेतले की काहीही गंभीर दिसतं, असं मनाशी म्हणत तो भिंतीच्या कडेकडेने सरकत होता, आणि त्या जिन्यापाशी त्याचे पाय थांबले. जिना खालून वर जात नव्हता, वरून खाली उतरत होता, कुणीतरी दमून उतरावं तसा. वरचं छपराचं तावदान जवळजवळ काळं होतं. पायऱ्यांच्या कडांवर तेवढा उजेड होता, आणि तोही पायरीगणिक कमी कमी होत खालच्या अंधारात मिसळून जात होता. चाळीस वर्षं त्याने घरं बांधली होती, लोकांच्या जिन्यांकडे तो शिंप्याने दुसऱ्याच्या सदऱ्याकडे बघावं तसा बघत असे. ज्याने कुणी हा बांधलाय त्याला अंधार कळला होता. त्याला चक्क हेवा वाटला. कोण असेल, म्हणून तो आणखी जवळ गेला, आणि कठड्याच्या दुसऱ्या वळणावर लाकडाला लावलेलं पातळ ठिगळ त्याला दिसलं. त्या ठिगळावरून तो एका सुताराशी तासभर भांडला होता. रोज वर जाताना तिथे त्याचा अंगठा लागत असे.

त्याचा अंगठा आत्ताही हलला. मग त्याने बाजूला पाहिलं तर ती सबंध भिंतच त्याच्या घराची होती. बोळ, न्हाणीघराचं दार, जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, वरच्या मजल्यावरची ती लांब खिडकी जिच्याबद्दल एका मासिकाने पानभर लिहिलं होतं. सगळं काळं. त्याच्या पांढऱ्या भिंती ढगाळ दिवसाच्या पाण्यासारख्या करड्या, खिडकीतलं आकाश शाईसारखं, आणि कुठेही माणूस नाही. खाली बायकोचं नाव. फोटोंना नावं नव्हती, नुसते आकडे. शेजारी दोन मुली उभ्या होत्या, कॉलेजातल्या असाव्यात. एक म्हणाली, "या घरात कोणीतरी गेलंय असं वाटतं ना?" दुसरी जरा मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, "नाही गं. कोणीतरी जायची वाट बघतंय." त्या पुढच्या फोटोकडे गेल्या. तो तिथेच उभा राहिला, हातात जुन्या चष्म्याची पिशवी धरून.

कोणीतरी जायची वाट बघतंय. घरी चालत जाताना तो ते वाक्य उलटसुलट करून पाहत होता. म्हणजे वाट बघणाऱ्यालाच जायचंय, की दुसरं कोणी कधी एकदा जातंय याची वाट चाललीय? भाषा कशी चावट असते, एकाच वाक्यात दोन दारं ठेवते आणि माणसाला मधे उभं करते. त्या मुलीला विचारायला हवं होतं. काय विचारणार? बाई, त्या घरात दोघंच राहतात, त्यांतलं कोण? नव्या चष्म्यातून फुटपाथ जरा जास्तच जवळ दिसत होता, आणि तो प्रत्येक पायरीवर पाऊल चाचपून टाकत होता. वर्षभर ती आठवड्यातून दोनदा क्लासला जात होती. घरी आली की तिच्या बोटांना व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा, फोटो धुण्याच्या पाण्याचा. त्याने एकदा नाक मुरडलं होतं, त्यानंतर ती आल्या आल्या हात धुवायला लागली होती. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्या हात धुण्यातही काहीतरी लपवणं होतं असं वाटायला लागलं. वास धुवून टाकायचा, म्हणजे ती कुठून आली ते घराला कळायला नको. आणि 'थोडेसे'! सबंध भिंतीला कुणी थोडेसे म्हणतं का? यायला नको, मुद्दाम यायला नको. 'मुद्दाम' हा शब्द तिने कसा उच्चारला होता ते तो आठवू लागला, पण तिचा आवाज काही केल्या ऐकू येईना, नुसते शब्द येत होते, छापल्यासारखे.

ऑफिसातल्या धाकट्या भागीदाराचा फोन आला तो नेमका तेव्हाच. "सर, प्रदर्शन पाहिलं आम्ही सगळ्यांनी. बाईंनी कमाल केलीय. धाडसी आहे." धाडसी! माणसं एखाद्या कामाला धाडसी कधी म्हणतात ते त्याला पक्कं माहीत होतं. तो स्वतः विद्यार्थ्यांच्या फसलेल्या आराखड्यांना धाडसी म्हणत असे. "आम्ही सगळ्यांनी" म्हणजे कुणी कुणी? आणि पाहून झाल्यावर बाहेर चहा पिताना काय बोलले असतील? उजेडाचा माणूस, असं त्याला धंद्यात म्हणत. सरांच्या घरात दुपारी दिवा लावावा लागत नाही, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत. आणि आता त्याच सरांच्या स्वतःच्या घराचा हा असा काळा पंचनामा चारचौघांत टांगलेला. "हो, बघितलं, चांगलं आहे," तो म्हणाला, आणि आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा त्याला वाटला.

घरी ती नव्हती. दुपारचं ऊन दिवाणखान्यात घुसून पार स्वयंपाकघरापर्यंत पसरलं होतं, भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत्या, आणि घर इतकं हसरं दिसत होतं की त्याला वकील मिळाल्यासारखं झालं. बघा, हे आहे घर. मग ते काय होतं? तो जिन्याच्या तळाशी जाऊन वर बघत राहिला. तावदानातून स्वच्छ निळं आकाश. काळं कुठून आलं? मग त्याने जे केलं ते त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं: तिचं कपाट उघडलं. कपड्यांच्या खाली कॅमेऱ्याची पिशवी होती. तिच्या कपाटात हात घालताना कान बाहेरच्या दाराकडे लागले होते, आणि आपल्याच घरात आपण चोरासारखे वाकलोय याचा राग त्याला स्वतःचा न येता तिचाच आला. पिशवीत एक गोल लाल काच निघाली. त्याने ती डोळ्याला लावून तावदानाकडे पाहिलं. निळं आकाश बुडाल्यासारखं काळवंडलं, आणि पांढऱ्या भिंतीवरची सावली, जी आतापर्यंत दिसतही नव्हती, एकदम धारदार झाली. म्हणजे ही युक्ती होती तर. काच लावून काळं केलं होतं. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ जास्तच टोचलं. कारण चुकून काळं झालं असतं तर निराळं, पण हे तिने हातात काच घेऊन, ठरवून केलं होतं. त्याने काच पुसली, होती तशी ठेवली, आणि ती सरळ ठेवली होती की उलटी, हे न आठवल्यामुळे पुन्हा कपाट उघडून उलटी केली.

हे घर बांधायला काढलं तेव्हा मुलगी लहान होती. आराखडे टेबलावर पसरलेले असायचे आणि बायको चहा ठेवायला जागा शोधायची. "तुला काय काय हवंय ते सांग," असं तो म्हणाला होता. गिऱ्हाइकाला विचारतो तसंच त्याने तिलाही विचारलं होतं, त्यात त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. ती म्हणाली, "मला एक कोपरा हवा." "कसला कोपरा?" "असाच. जिथे कुणाला दिसणार नाही." तो हसला होता. कोपरा म्हणजे धूळ, कोपरा म्हणजे जुन्या घरांचा आजार, आणि आपल्या घरात कुणापासून लपायचंय? त्याने भिंती काढल्या, स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडलं, "तू काम करताना एकटी पडणार नाहीस," असं तिला समजावलं, आणि जिथून पाहावं तिथून सगळं घर दिसेल असं ते बांधलं. ती आत राहायला आली त्या दिवशी खोल्याखोल्यांतून हिंडली आणि म्हणाली, "किती उजेड आहे." त्याने ते दाद म्हणून घेतलं होतं. मासिकाचे लोक फोटो काढायला आले तेव्हा त्यांनी सगळे दिवे लावले, पडदे बाजूला सारले, तिची शिवणाची टोपली आणि मुलीची चपला-दप्तरं वरच्या खोलीत कोंबली, आणि तिलाही हळूच म्हटलं, "वहिनी, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर राहाल?" ती अंगणात जाऊन उभी राहिली. फोटो सुरेख आले. ते अजून ऑफिसात लावलेले आहेत.

संध्याकाळी ती आली, हात धुतले, आणि "चष्मा बरा दिसतोय तुम्हाला," म्हणाली. तो "हं" म्हणाला. जेवताना तो तिच्याकडे चोरून पाहत होता. ती घास घेता घेता मधेच थांबायची आणि त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची. पूर्वी तो समजायचा ती विचारात आहे. आता त्याला वाटलं ती मोजमाप घेतेय. त्याने एकदम वळून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती आणि तिच्यावर पंख्याची हलती सावली. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही. पाल वाटली." रात्री तो कूस बदलत पडून राहिला, आपण पाल म्हणालो, याचीच त्याला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला जातो म्हणून निघाला आणि सभागृहात जाऊन पोचला. खरं सांगायचं तर क्लासचे ते सर त्याला बघायचे होते. मनात त्याने त्यांची एक मूर्ती तयारही केली होती: लांब केस, हळू बोलणं, बायकांना जवळ उभं करून कॅमेरा कसा धरायचा ते दाखवणं. एखादा प्रियकर असता तर निदान प्रकरण समजण्यासारखं झालं असतं. चिडायला जागा झाली असती, मुलीला फोन करता आला असता. पण खुर्चीत बसले होते ते एक स्थूल, दम लागणारे गृहस्थ. मांडीवर उघडा डबा, त्यात केळ्याच्या फोडी. "या, बघा निवांत," ते म्हणाले. तो बायकोच्या भिंतीपाशी गेला तसे तेही हळूहळू उठून आले. "तुम्ही बाईंच्या...?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "ओळखीचा." "बरं बरं. बाईंचा हात काळ्यात फार चांगला आहे. बाकीचे काळं करायचं म्हणून काळं करतात, नुसतं डांबर ओततात. यांच्या काळ्यात बघा, सगळं जागच्या जागी असतं. छापताना तास तास उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवून." त्याने घसा साफ करून विचारलं, "घराबद्दल काही बोलतात का? म्हणजे, घर असं इतकं उदास..." सर त्याच्याकडे बघायला लागले. "उदास?" त्यांनी फोटोकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "एकदाच काय ते बोलल्या होत्या. आमच्या घरात सावली मिळत नाही म्हणाल्या, शोधावी लागते. पहाटे थोडी असते, आणि ढग आले की. मी म्हटलं, मग दुसरीकडे काढा की, जुनी देवळं आहेत, बंदर आहे. तर नाही म्हणाल्या. मला तिथलीच हवी." आणि सरांना शिंका आल्या, एकापाठोपाठ एक, आणि बोलणं तिथेच राहिलं.

तिथलीच हवी. भिंतीवर शेवटी जो फोटो होता तो काल त्याने नीट पाहिलाच नव्हता. जिन्याखालची अडगळीची खोली. घरातली ती एकच जागा जिथे खिडकी नाही, कारण तिथे ती काढणं शक्यच नव्हतं. दार अर्धवट उघडं, आत ट्रंका, गुंडाळलेली सतरंजी, आणि दाराच्या फटीतून शिरलेला उजेडाचा पट्टा सतरंजीवर मांजरासारखा पडलेला. बाकीच्या फोटोंसमोर थंडी वाटावी, आणि याच्यासमोर मात्र आपण कुणाच्या तरी खाजगी जागेत डोकावतोय असं वाटत होतं. आणि त्याला एक दुपार आठवली. तो लवकर घरी आला होता, ती कुठेच दिसेना, हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी त्याने त्या खोलीचं दार उघडून दिवा लावला होता. ती ट्रंकेवर बसली होती, हात मांडीवर, डोळे उघडे. "इथे काय करतेस?" "सुया शोधतेय," ती म्हणाली होती. अंधारात. त्याने दिवा तसाच ठेवला, "लावून शोध की," असं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून तिथे दुप्पट उजेडाची नळी बसवून घेतली. सुया मिळाल्या का हेही त्याने विचारलं नव्हतं. आता तिथे उभ्या उभ्या त्याचे कान गरम झाले. पण शंका मोठी चिवट असते. ती लाजेलाही स्वतःच्या कामाला लावते. बघ, बघ, तेव्हापासूनच चाललंय हे, ती त्याला सांगू लागली. तेव्हापासून ती तुझ्या घरात राहून तुझ्या घराबाहेर आहे. आणि आता गावाला ते सांगतेय.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. त्याने पाणीही न पिता म्हटलं, "ते फोटो उतरव."

तिने फडकं खाली ठेवलं. "बघून आलात?"

"दोनदा. माझी माणसं बघून गेली, गिऱ्हाइकं बघतील. तुला हे घर आवडत नाही हे मला सांगायचं होतंस. भिंतीवर टांगायची काय गरज होती?"

"नाही उतरवणार," ती म्हणाली.

ती चिडून म्हणाली असती तर त्याला उत्तर सुचलं असतं. पण तिने ते, आज दूध आलं नाही म्हणावं, तसं सांगितलं. इतक्या वर्षांत 'नाही' हा शब्द तिने त्याला असा एकटा, पुढेमागे काही न जोडता दिलेला त्याला आठवेना. तो खुर्चीवर बसला. मग तीच म्हणाली, "आणि आवडत नाही म्हणून कोणी सांगितलं? अहो, आवडत नसतं तर एका दारासमोर चार-चार मिनिटं श्वास धरून उभी राहिले असते का मी?"

"मग इतकं काळं का केलंस?"

ती आत गेली आणि बोळाच्या फोटोची एक प्रत घेऊन आली, टेबलावर त्याच्यासमोर ठेवली, आणि वरचा दिवा मालवला; खिडकीतला मावळतीचा उजेड तेवढा राहिला. "काळं कुठेय? बघा नीट. घाई करू नका." तो बघत बसला. आधी काहीच नव्हतं. मग डोळे निवळले तसं त्या काळ्यात निराळं काळं दिसायला लागलं: खुंट्या, खुंटीवरची छत्री, मुलीची उंची मोजून पेन्सिलीने ओढलेल्या रेघा, ज्या त्याने दोनदा रंग देऊन बुजवल्या होत्या आणि ज्या रंगाखालून उंचवट्यासारख्या वर आल्या होत्या. रोजच्या उजेडात त्या कधी दिसल्या नव्हत्या. त्याने बोट लावलं, कागद गुळगुळीत होता.

"हा कधी काढलास?"

"रविवारी सकाळी. तुम्ही घरातच होतात. या फोटोतसुद्धा आहात."

"कुठे?"

"सगळा वेळ. मी कॅमेरा उघडून ठेवला होता, अंधुक उजेडात तेवढा वेळ लागतो. तुम्ही चार-पाच वेळा बोळातून गेलात. एकदा चष्मा शोधत, एकदा फोनवर बोलत. एकदा मला 'मधे काय उभी आहेस' म्हणालात."

त्याने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. नवा चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. बोळ रिकामा होता. "म्हणजे मला काढून टाकलंस."

"मी नाही काढलं. चालतं माणूस त्यात उमटत नाही. तुम्ही कुठे थांबलाच नाहीत." मग त्याचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं, कारण ती त्याच्या शेजारी बसली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. माझं काही गाऱ्हाणं नाहीये त्यात. खरं सांगू? हे काढताना तुमचा विचारच नसतो माझ्या मनात."

तिने हे दिलासा म्हणून सांगितलं होतं, आणि दिलासा म्हणूनच ते घ्यायला हवं होतं. पण दोन दिवसांच्या सगळ्या संशयांमध्ये हा एक त्याला सुचला नव्हता, की आरोपच नसेल. त्याने काल दुपारपासून स्वतःची बाजू मांडायची तयारी केली होती, भिंती, खिडक्या, ऊन, सगळे साक्षीदार उभे केले होते, आणि कोर्टात कुणी नव्हतंच. तिच्या बोटांना तो आंबूस वास येत होता. आज तिने हात धुतले नव्हते. त्याला तो वास पहिल्यांदाच एखाद्या ओळखीच्या माणसाचा असावा तसा वाटला, आणि त्याच वेळी ते माणूस कोण हे आठवेना.

"उद्या सकाळी थोडे बाहेर जाल?" ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर काढायचंय. तिथली लाकडी जमीन कुणी चाललं की हलते. कॅमेरा हलतो. दोनदा वाया गेलं."

"काय काढणार आहेस?"

"अजून माहीत नाही. म्हणूनच तर."

"मी खाली बसेन, गप्प."

"नाही हो," ती म्हणाली. "मला सगळं घर हवंय."

सकाळी ढग होते. तो छत्री घेऊन बाहेर पडला, कोपऱ्यापर्यंत गेला, पण पुढे कुठे जायचं ते सुचेना. ऑफिस उघडायला अवकाश होता. तो परत फिरला आणि घरासमोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला. इतक्या वर्षांत त्याने आपलं घर इथून, बसून, कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते गाडी लावताना, किल्ली शोधताना. वरची लांब खिडकी करडी होती. ती आत कुठेतरी उभी असेल. की बसली असेल? कुठल्या भिंतीसमोर? एवढा वेळ लागतो का? मनात पुन्हा ती जुनी कुरकुर सुरू झाली: खरंच फोटोच काढतेय कशावरून, फोन करत असेल कुणाला, बॅग भरत असेल. तेवढ्यात खिडकीत तिचा हात दिसला. हाताने पडदा ओढला, अर्धा, मग पुरता. तो ताडकन उठला. रस्ता ओलांडला की फाटक, फाटकातून आत आठ-दहा पावलं, आणि किल्ली खिशातच होती.

शेजारचे डॉक्टर दवाखाना उघडायला निघाले होते, त्यांनी स्कूटर हळू केली. "काय हो, इथे असे? किल्ली विसरलात, की बायकोने बाहेर काढलं?"

"बाहेर काढलं," तो म्हणाला.

डॉक्टर मोठ्याने हसले आणि निघून गेले. त्यांच्या मागे स्कूटरचा धूर थोडा वेळ रेंगाळला. तो पडद्याकडे बघत उभा राहिला. पडदा हलत नव्हता. मग त्याने खिशातला हात बाहेर काढला, पुन्हा पायरीवर बसून छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली, आणि तो तसाच राहिला, शक्य तितका न हलता.